सिरॅमिकचे ओन्ले आणि व्हिनियर निघून येतात, तेव्हा दाताच्या बाजूला काय बघायचं

डॉक्टर, तुम्ही विचारलंय की लिथियम डायसिलिकेटचे (एक मजबूत काचेसारखं सिरॅमिक) दोन ओन्ले (दाढेच्या माथ्यावर चिकटवायचं आवरण) आणि एक व्हिनियर (पुढच्या दाताच्या दर्शनी बाजूवरचा पातळ पापुद्रा) वर्षाच्या आत निघून आले, सिमेंट दोनदा बदलून झालं, आता लॅब बदलावी का असं वाटतंय, आणि मुळात बाँडिंगसाठी (हे दाताला चिकटवण्यासाठी) दाताचा सरफेस कसा तयार करायचा ते कोणीतरी नीट सांगा. सांगते. लांब होईल, पण हा विषय दोन ओळीत सांगितला की माणूस परत तिथेच अडकतो.

लॅब बदलायच्या आधी एक करा. निघालेला तुकडा पेशंट डबीत नाहीतर रुमालात गुंडाळून आणतो ना, तो लगेच घासायला घेऊ नका. नुसता पाण्याने धुवा, वाळवा, लूप (भिंगाचा चष्मा) लावून आतली बाजू बघा आणि मग तोंडात तो दात बघा. सिमेंट सगळं तुकड्याच्या आत चिकटलेलं आहे आणि दात स्वच्छ, चकचकीत, तर सिरॅमिकने आपलं काम केलंय, सुटलंय ते दाताच्या बाजूने. उलट सिमेंट दातावर बसलंय आणि तुकडा आतून कोरा, तर मग सिरॅमिकचं एचिंग (अॅसिडने खरखरीत करणं) किंवा सायलेन (सिरॅमिकला सिमेंटशी जोडणारं रसायन) चुकलंय. दोन्हीकडे अर्धं अर्धं असेल तर सिमेंट पूर्ण क्युअर (लाइटने घट्ट) झालं नव्हतं का, किंवा बसवताना हललं का, हे बघायचं. माझ्याकडे जे परत आलेत त्यातले बरेच पहिल्या प्रकारचे होते, आणि तुमचं वर्णन वाचून तुमचेही तेच असावेत असं वाटतंय, कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय की दात ‘एकदम क्लीन’ दिसत होता. तो क्लीन दिसणं हीच खूण आहे.

एक केस अजून डोळ्यासमोर आहे. वरच्या लॅटरलचं (मधल्या दाताशेजारच्या दाताचं) व्हिनियर, सात महिन्यांनी निघालं, अखंड, एक टवका नाही. आत सिमेंटचा पातळ थर सगळीकडे, काठापासून काठापर्यंत. दात बघितला तर हिरडीकडचा तिसरा भाग पिवळसर, ओला दिसणारा, आणि प्रोब फिरवला की पेशंटने डोळे मिटले. म्हणजे मानेजवळ (हिरडीलगत) मी इनॅमल, दाताचा वरचा कडक थर, पूर्ण काढून टाकलं होतं आणि व्हिनियरचा तेवढा भाग डेंटिनवर, त्याखालच्या मऊ थरावर, बसला होता, आणि त्या डेंटिनवर दोन आठवडे टेम्पररी सिमेंट बसून होतं. सिमेंट कुठलं वापरलं हा प्रश्नच नव्हता. त्या दिवसानंतर मी प्रेप (दात कापून तयार करणं) करायची पद्धत बदलली आणि त्याहून जास्त म्हणजे प्रेपच्याच दिवशी डेंटिन बंद करायला लागले. ते खाली सांगते, मुख्य गोष्ट तीच आहे.

आधी इनॅमलचं. वजनाने साधारण ९६ टक्के खनिज, पाणी आणि प्रोटीन अगदी थोडं. अॅसिड लावलं की प्रिझम (इनॅमलचे बारीक खनिज दांडे) वेगवेगळ्या वेगाने विरघळतात आणि मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक भोकं तयार होतात, त्यात रेझिन (द्रव प्लास्टिक) शिरतं आणि तिथेच घट्ट होतं. १९५५ साली बुओनोकोरेने ८५ टक्के फॉस्फोरिक अॅसिड इनॅमलवर ३० सेकंद लावून हे दाखवलं, आणि एवढ्या वर्षात बाँडिंगमधलं सगळ्यात भरवशाचं काही असेल तर अजूनही तेच आहे. आता आपण ३५ ते ३७ टक्क्यांचं जेल वापरतो आणि कापलेल्या इनॅमलला १५ ते ३० सेकंद पुरतात. धुऊन वाळवलं की खडूसारखा पांढरा, मॅट दिसायला हवा. नाही दिसला तर पुढे जायचंच नाही, परत एच करायचं. बर (ड्रिलचं कापायचं टोक) न लागलेलं इनॅमल असेल, म्हणजे नो-प्रेप व्हिनियरसारखं काही, तर वरचा प्रिझम नसलेला थर अॅसिडला नीट दाद देत नाही, म्हणून फाइन डायमंड बरने नुसतं खरखरीत करून घ्या किंवा बारीक पावडरने सँडब्लास्ट करा. फ्लोरोसिसच्या दातांनाही तेच, तिथे इनॅमल अॅसिडला जास्त चिवट असतं, मी आधी वरचा थर किंचित घासते आणि एचिंगचा वेळ वाढवते, घड्याळापेक्षा तो पांढरा रंग येतोय का त्याकडे बघते.

म्हणून बाँडिंगची तयारी एचंटच्या (एचिंगच्या अॅसिडच्या) सिरिंजपासून सुरू होत नाही, ती एअरोटर (ड्रिल) हातात घेता तेव्हाच सुरू होते. वरच्या पुढच्या दातांना मानेजवळ इनॅमल अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतं बऱ्याचदा, तिथे ०.३ मिलिमीटरच्या पुढे गेलात की डेंटिन लागलंच समजा. मधल्या भागात ०.५ आणि टोकाकडे ०.७ एवढं मिळतं, ते पण दात मूळचा जिथे आहे तिथून मोजलं तर नाही, शेवटी व्हिनियरची बाहेरची रेषा कुठे येणार आहे तिथून मोजलं तर. दात आत झुकलेला असेल किंवा घासून लहान झालेला असेल आणि आपण जुन्या सरफेसवरून डेप्थ कट (खोली ठरवणाऱ्या खाचा) मारले तर उगाच चांगलं इनॅमल फेकून देतो. वॅक्सअप (मेणाचा नमुना) करून घ्या, तोंडात मॉकअप (त्यावरून केलेला तात्पुरता आकार) बसवा आणि मॉकअपमधूनच डेप्थ कट मारा, काही ठिकाणी बर दाताला लागणारही नाही. ओन्लेच्या बाबतीत काठ शक्य तितका इनॅमलवर राहील असं बघा, तो इनॅमलचा सलग पट्टा मिळाला की अर्धी लढाई जिंकली.

आता डेंटिन, इथेच सगळे अडकतात. डेंटिन म्हणजे साधारण ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय, त्यात मुख्यतः कोलॅजेन, आणि १० टक्के पाणी. वर त्यात नळ्या, इनॅमलजवळ कमी आणि बारीक, पल्पकडे (दाताच्या आतल्या नसेकडे) जाल तशा जास्त आणि रुंद, आणि त्या नळ्यांतून आतून द्रव बाहेर येत राहतो. म्हणजे खोल कॅव्हिटीत तुम्ही ओल्या भिंतीला रंग लावताय. शिवाय बर फिरवला की त्यावर चुऱ्याचा थर बसतो, स्मिअर लेयर, एखाद-दोन मायक्रॉनचाच, पण नळ्यांची तोंडं तोच बुजवतो. हा थर एक तर अॅसिडने पूर्ण काढायचा किंवा सेल्फ-एचने (स्वतःच एच करणाऱ्या, न धुवायच्या बाँडने) विरघळवून त्यातूनच आत जायचं, दोनच रस्ते आहेत. १९८२ मध्ये नाकाबायाशींनी दाखवलं की रेझिन कोलॅजेनच्या जाळ्यात शिरून एक मिश्र थर तयार होतो, त्यालाच आपण हायब्रिड लेयर म्हणतो, आणि डेंटिनचा बाँड टिकला की नाही हे शेवटी त्या थरावर ठरतं.

एच अँड रिन्सने, म्हणजे अॅसिड लावून धुण्याच्या रस्त्याने, जायचं तर डेंटिनवर अॅसिड १५ सेकंदांच्या वर नको. मी इनॅमलवर आधी लावते, काठाकाठाने, आणि मग शेवटी डेंटिनवर सोडते, म्हणजे इनॅमलला ३० मिळतात आणि डेंटिनला १५. जास्त वेळ ठेवलं तर खनिज खोलवर निघून जातं पण रेझिन तेवढं खोल पोचत नाही, आणि मग खाली उघडं कोलॅजेन राहतं, ज्याला कोणीच आधार दिलेला नाही. धुतल्यावर थ्री-वे सिरिंजने (पाणी-हवेच्या नळीने) जोरात वाळवलंत की कोलॅजेन चिपाडासारखं चपटं होतं, आत जायची वाटच बंद. ओलं ठेवा, पण पाणी साचलेलं नको, ओलसर चमक हवी, डबकं नको. मी कोरड्या स्पंजचा बारीक तुकडा किंवा अप्लिकेटर टिप टेकवून पाणी टिपते. आणि चुकून वाळलंच तर घाबरू नका, ओल्या अप्लिकेटरने परत भिजवा, काही सेकंद थांबा, मग प्राइमर (बाँडच्या आधी लावायचा द्रव).

मला स्वतःला डेंटिनवर अॅसिड लावणं फारसं आवडत नाही. आता मी इनॅमलवर तेवढं अॅसिड, धुवायचं, आणि डेंटिनवर एमडीपी (कॅल्शियमला धरणारं फॉस्फेट रसायन) असलेला सौम्य सेल्फ-एच, दोन बाटल्यांचा, हे जास्त करते. कारण सरळ आहे. सौम्य सेल्फ-एचचा पीएच दोनच्या आसपास असतो, तो खनिज पूर्ण धुऊन काढत नाही, कोलॅजेनभोवती थोडं हायड्रॉक्सीअॅपेटाइट शिल्लक राहतं, आणि एमडीपीचं फॉस्फेट त्यातल्या कॅल्शियमला धरतं, त्याचं जे मीठ तयार होतं ते पाण्यात सहजी विरघळत नाही. म्हणजे अडकणं आणि रासायनिक पकड दोन्ही मिळतात, आणि किती ओलं किती कोरडं हा खेळ बराच कमी होतो. पण सेल्फ-एच एकट्याने इनॅमल नीट एच करत नाही, म्हणून इनॅमलला फॉस्फोरिक अॅसिड वेगळं लावायचं, हे सोडू नका. युनिव्हर्सल बाँड (दोन्ही रस्त्यांना चालणारा) वापरत असाल तरी तेच.

बाँड लावताना घाई करू नका हो. हे वाक्य सगळे ऐकतात आणि सगळे विसरतात. एकदा पुसल्यासारखं फिरवून फुंकर मारली की झालं, असं बाँडिंग मी कितीतरी जणांना करताना बघितलंय. निदान २० सेकंद टिपने घासायचं, हलक्या दाबाने, कोपऱ्याकोपऱ्यात. मग आधी लांबून हळू हवा आणि नंतर जवळ, बाँडच्या थरावर लाटा हलायच्या थांबेपर्यंत. लाटा हलतायत म्हणजे सॉल्व्हंट आणि पाणी अजून आहे, ते आत अडकलं की तिथे थर कच्चा राहतो, दोन वर्षांनी त्याच जागी काठ काळा पडतो.

आणि ती हवा तपासा. एक कोरडा माउथ मिरर घ्या, सिरिंज इंचभर लांब धरून पाच सेकंद फक्त हवा मारा. आरशावर बारीक थेंब दिसले, किंवा बोटाने पुसल्यावर तेलकट पट्टा उठला, तर तुमच्या कंप्रेसरमधून पाणी नाहीतर तेल येतंय आणि प्रत्येक बाँडिंगच्या शेवटच्या स्टेपला तुम्ही ते दातावर फवारताय. मी हे रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी करते. एका पावसाळ्यात फिल्टर भरला होता आणि आठवडाभर मला कळलंच नव्हतं, त्या आठवड्यातल्या दोन फिलिंग्जचे काठ नंतर परत करावे लागले.

आता मुख्य मुद्दा. डेंटिन ज्या दिवशी कापलं त्याच दिवशी, इम्प्रेशन (दाताचा साचा) किंवा स्कॅनच्या आधी, ते बाँडने बंद करा. इमिजिएट डेंटिन सीलिंग म्हणतात, पास्कल मान्ये यांनी २००५ च्या सुमारास ही पद्धत नीट मांडली आणि आज ती बऱ्याच ठिकाणी शिकवली जाते. विचार करा, नेहमीच्या पद्धतीत काय होतं: डेंटिन कापतो, उघडं सोडतो, वर टेम्पररी सिमेंट लावतो, दोन आठवडे लाळ, जंतू, सिमेंटचे कण त्या नळ्यांत जात राहतात, पेशंटला थंड झोंबत राहतं, आणि मग बसवायच्या दिवशी आपण त्या घाण झालेल्या डेंटिनला बाँड लावून, क्युअर न करता, वर सिरॅमिक दाबतो. क्युअर का करत नाही, तर बाँड जाड झाला की ओन्ले बसणार नाही ही भीती. पण क्युअर न झालेला बाँड दाबाखाली पिळला जातो आणि खालचं कोलॅजेन चपटं होतं. म्हणजे सगळ्यात नाजूक थर सगळ्यात वाईट परिस्थितीत तयार होतोय.

ताज्या कापलेल्या डेंटिनवर हेच केलं तर ते सगळ्यात स्वच्छ असतं, बाँड क्युअर होतो, आणि मधले दिवस त्याच्यावर सिरॅमिकचा किंवा कॉम्पोझिटच्या आकुंचनाचा ताण नसतो, तो शांतपणे पक्का होतो. पेशंटला मधल्या काळात झोंबत नाही, हा फायदा तर त्याच आठवड्यात कळतो. मी हे सुरू केल्यापासून ‘टेम्पररी बसवल्यापासून दुखतंय’ असे फोन जवळजवळ बंद झाले.

करायचं कसं? प्रेप पूर्ण झालं, काठ फाइन झाले, रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावला. डॅम शक्यच नसेल तर निदान कॉर्ड (हिरडी बाजूला सारणारा दोरा), कापसाचे रोल आणि सक्शन घेऊन एक हुशार असिस्टंट, पण मागच्या दाढांना डॅमशिवाय मी करत नाही. कुठे डेंटिन उघडं आहे ते बघायचं सोपं: दोन-तीन सेकंद एच करून धुऊन वाळवलं तर इनॅमल पांढरं दिसतं आणि डेंटिन चमकतं, मग त्या डेंटिनवर बर एकदा हलकेच फिरवून घ्यायचा, म्हणजे सरफेस परत ताजा होतो. मग प्राइमर, बाँड, क्युअर. बाँड पातळ आणि फिलर नसलेला असेल तर त्यावर फ्लोएबलचा (पातळ, वाहत्या कॉम्पोझिटचा) पातळ थर द्या आणि क्युअर करा, कारण नुसता पातळ बाँड हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरून नीट क्युअर होत नाही आणि नंतर साफ करताना निघूनही जाऊ शकतो. फ्लोएबलने प्रेपमधले अंडरकट (आत वळलेले खड्डे) भरून निघतात ते वेगळंच, त्यासाठी चांगला दात कापावा लागत नाही.

मग ग्लिसरीन जेल लावून परत १० सेकंद लाइट. ही स्टेप लोक गाळतात आणि नंतर इम्प्रेशन चिकटतं, टेम्पररी चिकटतं. वरचा चिकट थर ऑक्सिजनमुळे अर्धवट राहिलेला असतो, जेलने हवा तुटली की तो पूर्ण होतो. जेल धुतल्यावर इनॅमलच्या काठावर आलेला बाँड फाइन बरने साफ करा, काठ परत उघडं, ताजं इनॅमल हवं, कारण बसवायच्या दिवशी तिथे खरं एचिंग होणार आहे. प्यूमिस (घासायची बारीक पूड) आणि पाण्याने मऊ कपने हलकेच एकदा फिरवा आणि मग इम्प्रेशन. सीलिंग केलेल्या दातावर पॉलिइथरचं इम्प्रेशन घेऊ नका, ते या थरावर चिकटून फाटतं, त्यापेक्षा अॅडिशन सिलिकॉन बरं, नाहीतर सरळ स्कॅन.

टेम्पररीचं वेगळं सांगते कारण इथे सगळं केलेलं वाया जाऊ शकतं. सील केलेला थर रेझिनचा आहे, त्यावर टेम्पररीचं रेझिन थेट ओतलंत तर ते बाँड होणार, मग कापून काढावं लागेल. आधी व्हॅसलिनचा किंवा ग्लिसरीनचा पातळ हात फिरवा. रेझिनचं टेम्पररी सिमेंट या केसमध्ये नको. युजेनॉल असलेलंही नको, ते रेझिनच्या क्युअरिंगमध्ये अडथळा आणतं. नॉन-युजेनॉल वापरा आणि पेशंटला सांगा की दोन आठवडे त्या बाजूने चिकट काही खाऊ नका. टेम्पररी निघालं तरी डेंटिन बंद आहे, त्यामुळे आभाळ कोसळत नाही, पण दात सरकू नयेत म्हणून लगेच या, एवढं सांगायचं.

सगळीकडे सीलिंग लागतंच असं नाही. प्रेप पूर्ण इनॅमलमध्ये आहे तर गरजच नाही. व्हिनियरच्या प्रेपमध्ये टाचणीच्या टोकाएवढं डेंटिन दिसतंय तर मी नुसता पातळ बाँड देते, फ्लोएबल नाही, कारण तिथे जाडीला जागा नसते. पण ओन्ले आणि ओव्हरलेला (दाढेचा सगळा माथा झाकणाऱ्या ओन्लेला), जिथे जुनं अॅमलगम (चांदीचं फिलिंग) काढल्यावर अख्खा तळ डेंटिनचा असतो, तिथे दरवेळी.

आणि काठ हिरडीखाली खोल गेलाय, डॅम धरतच नाही, ही तुमच्या दुसऱ्या ओन्लेची गोष्ट दिसतेय. तिथे आधी मॅट्रिक्स (दाताभोवतीची पट्टी) लावून कॉम्पोझिटने तो काठ वर आणा. १९९८ मध्ये डिएत्शी आणि स्प्रेआफिको यांनी हे मांडलं होतं. सीलिंगच्याच वेळी करायचं, म्हणजे लॅबला जो काठ जातो तो हिरडीच्या वर, स्वच्छ, दिसणारा. पण मॅट्रिक्स घट्ट बसत नसेल आणि रक्त येतच असेल तर हट्ट करू नका, क्राउन लेंग्थनिंगचा (हिरडी खाली सरकवून काठ उघडा करायच्या ऑपरेशनचा) विचार करा. रक्तावर बाँडिंग कोणत्याच बाटलीने होत नाही. रक्त थांबवायला अॅल्युमिनियम क्लोराइड किंवा फेरिक सल्फेट वापरलं असेल तर त्याचे अवशेष डेंटिनवर राहतात आणि सेल्फ-एचला खूप त्रास देतात, तिथे भरपूर धुऊन, बर फिरवून किंवा सँडब्लास्ट करून सरफेस परत ताजा करा.

खालचं डेंटिन कसं आहे हेही बघायला हवं. कीड काढल्यावर खाली जे थोडं मऊ, डाग पडलेलं डेंटिन राहतं, त्यावर बाँड निरोगी डेंटिनएवढा येत नाही. पल्पवर असेल तर ते मुद्दाम ठेवायचं, पण काठाच्या आजूबाजूला, इनॅमलपासून आत दीड-दोन मिलिमीटरचा पट्टा मी कडक, स्वच्छ करूनच पुढे जाते, कारण सील त्या पट्ट्यावर होतं. उलट बाजूला म्हाताऱ्या, घासलेल्या दातांचं पिवळं काचेसारखं डेंटिन, तिथे नळ्या खनिजाने बुजलेल्या असतात, अॅसिड आत जातच नाही. डायमंडने वरचा थर खरखरीत करा, मगच बाँड. मी तरुण होते तेव्हा मला वाटायचं कडक आहे म्हणजे चांगलं धरेल. तसं नसतं.

रूट कॅनल झालेल्या दातावर लगेच बाँडिंग करत असाल तर सोडियम हायपोक्लोराइटचं (कॅनल धुवायच्या द्रवाचं) लक्षात ठेवा. ते डेंटिनमध्ये ऑक्सिजन सोडून जातं आणि रेझिन क्युअर व्हायला अडथळा येतो. १० टक्के सोडियम अॅस्कॉर्बेट लावून ते उलटवता येतं, किंवा वरचं डेंटिन बरने ताजं करा. ब्लीचिंगलाही हेच तत्त्व, ब्लीचिंग संपल्यावर दोन आठवडे थांबा. पेशंटला लग्न असो की काहीही असो, मी थांबवते.

क्लोरहेक्सिडिनबद्दल (एक जंतुनाशक) लोक विचारतात म्हणून: डेंटिनमध्येच काही एन्झाइम असतात, अॅसिडने ते जागे होतात आणि रेझिन न पोचलेलं कोलॅजेन हळूहळू खातात. २ टक्के क्लोरहेक्सिडिन त्यांना रोखतं, प्रयोगशाळेत हे चांगलं दिसतं, तोंडातल्या अभ्यासांत तेवढा फरक दिसलेला नाही. डेंटिनवर अॅसिड लावलं असेल तर मी धुतल्यावर अर्धा मिनिट लावते, खर्च नाही, नुकसान नाही. पण बाकीच्या स्टेप्स नीट नसतील तर यावर भिस्त ठेवू नका.

आता बसवायचा दिवस. टेम्पररी काढलं, सिमेंटचे कण स्केलरने काढले. मग सील केलेला थर आणि इनॅमल दोन्ही ३० ते ५० मायक्रॉनच्या अॅल्युमिनाने, कमी दाबाने, लांबून सँडब्लास्ट, थर मॅट होईपर्यंत. थांबा कुठे, तर खाली डेंटिन उघडं पडायच्या आधी. मशीन नसेल तर प्यूमिस आणि पाणी, पण तेल किंवा ग्लिसरीन असलेली पॉलिशिंग पेस्ट नको. ट्राय-इन (तुकडा नुसता बसवून बघणं) आधी, मग हे. त्यानंतर ३० सेकंद फॉस्फोरिक अॅसिड सगळीकडे, इनॅमल एच होतं आणि सीलचा थर साफ होतो. धुऊन आता पूर्ण वाळवू शकता, कारण उघडं डेंटिन उरलेलंच नाही, आणि हे सुख पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा कळलं की इतकी वर्षं आपण किती उगाच धडपडत होतो. बाँड लावा, पातळ करा. व्हिनियर आणि पातळ ओन्ले बसवताना मी हा शेवटचा बाँड क्युअर करत नाही, सिमेंटबरोबरच होतो. खालचा थर आधीच पक्का असल्यामुळे इथे कोलॅजेन चपटं व्हायची भीती नाही.

दोन गोष्टी इथे नेहमी चुकतात. सेल्फ-अॅढेसिव्ह सिमेंट (वेगळ्या बाँडशिवाय चिकटणारं) वापरताय आणि सवयीने डेंटिनला फॉस्फोरिक अॅसिड लावताय, हे करू नका. ते सिमेंट घट्ट असतं, एच केलेल्या कोलॅजेनच्या आत शिरत नाही, आणि बाँड वाढायच्या ऐवजी कमी होतो. इनॅमलला लावा, फायदाच आहे. दुसरं, एका बाटलीचा आम्लधर्मी बाँड आणि वर ड्युअल-क्युअर सिमेंट (लाइटने आणि रसायनानेही घट्ट होणारं) असेल तर बाँडमधलं अॅसिड सिमेंटच्या अमाइनशी (क्युअर घडवणाऱ्या रसायनाशी) भांडतं आणि त्या जोडावरच क्युअर अर्धवट राहतं. बाँडबरोबर अॅक्टिव्हेटर येतो का बघा, आणि बाँड आणि सिमेंट शक्यतो एकाच सिस्टिमचे घ्या. तुम्ही सिमेंट दोनदा बदललंत पण बाँड तोच ठेवलात असं लिहिलंय, मला तिथेच शंका आली.

सिरॅमिकच्या बाजूचं थोडक्यात, कारण प्रश्न दाताचा आहे. लिथियम डायसिलिकेटला ५ टक्के हायड्रोफ्लोरिक अॅसिड २० सेकंद, ट्राय-इननंतर, मग धुऊन, वाळवून सायलेन. लॅबने एच करून पाठवलं असेल तरी ट्राय-इनमध्ये लाळ लागते, तेव्हा साफ करून सायलेन परत. झिर्कोनियावर (दुसऱ्या प्रकारच्या सिरॅमिकवर) हायड्रोफ्लोरिक चालत नाही, तिथे सँडब्लास्ट आणि एमडीपीचा प्रायमर, आणि फॉस्फोरिक अॅसिडने झिर्कोनिया साफ करायचा मोह टाळा, फॉस्फेट तिथे बसतं आणि एमडीपीची जागा अडवतं. हायड्रोफ्लोरिक तोंडात नेऊ नका, मऊ भागाला धोका आहेच, शिवाय दाताला लागलं तर कॅल्शियम फ्लोराइडचा थर बसतो आणि बाँड बिघडतो.

आता तुमच्या त्या तीन केस. ओन्ले अखंड असतील तर फेकू नका. आतलं जुनं सिमेंट लूपखाली हळूहळू काढा, लिथियम डायसिलिकेटवर जोरात सँडब्लास्ट करू नका, बारीक चिरा पडतात. दाताचं डेंटिन बरने ताजं करा, डॅमखाली बाँड लावा, क्युअर करा, पण थर अगदी पातळ ठेवा आणि लगेच ओन्ले पूर्ण बसतोय का बघा, इथे जाडीला नवी जागा नाहीये. बसला तर सिरॅमिकला परत २० सेकंद हायड्रोफ्लोरिक, सायलेन, आणि त्याच बैठकीत पक्का. नाही बसला तर सीलिंग नीट करून नवीन स्कॅन घ्या, जबरदस्ती करून बाइटवर उंच ठेवू नका. व्हिनियरच्या दाताला मानेजवळ किती इनॅमल उरलंय ते आधी बघा, आणि अर्ध्याच्या वर डेंटिन असेल तर पेशंटला मोकळेपणाने सांगा की याचा भरवसा इनॅमलवरच्या व्हिनियरएवढा नाही. आतल्या बाजूचे फोटो काढले असतील तर पाठवा, दात आणि तुकडा दोन्हींचे, उजेड एका बाजूने तिरपा धरून, म्हणजे सिमेंट कुठे संपतं ते नीट दिसेल.